पांढरी रेघ

विनिफ्रेड टाँक्सने मला बोट विकली
ऑडलेमच्या अलीकडे, मार्चमधल्या एका ओल्या सकाळी.
सहीआधी म्हणाली,
"चहा पी. मग ऐक. मग वाटलं तर पैसे परत घेऊन जा."

सत्तावन्न फूट लांब,
रुंदीला सात फुटांना दोन इंच कमी.
म्हणजे एक बोळच, तरंगणारा,
त्यात चूल, पलंग, आणि मांजराची उशी.
मांजर विकायचं नव्हतं.

"या शेपटीवरून ओळखायच्या.
क्रूझरला मागे मोकळं अंगण,
चौघं गप्पा मारत उभी असतात
आणि पाचवा गप्पांच्या भरात पाण्यात.
सेमी-ट्रॅड बाहेरून सासुरवाशीण, आत माहेर.
ही माझी ट्रॅड. मागे जेमतेम पाटाएवढी जागा,
दारातच उभं राहायचं, कमरेपर्यंत घरात,
इंजिनाची ऊब पोटऱ्यांना, पाऊस टोपीला.
टिलर डावीकडे ढकललास की नाक उजवीकडे जातं.
नवऱ्यालाही मी असंच वळवायचे."

भिंतीवर आदळायला लागली तर आदळू दे.
पाय मध्ये घालू नकोस;
पोलाद पोचा सोसतं, घोटा सोसत नाही.
झरोके बुजवू नकोस. चुलीचा तो वायू
ना दिसतो, ना वास देतो.
थंडी वाजली तर वाजू दे,
अलार्म मात्र दर मंगळवारी वाजवून बघ.
बांधलेल्या बोटींपाशी इंजिन कुजबुजलं पाहिजे,
आत कुणाची तरी कढई चुलीवर असते.

झडपांची किल्ली मी ऐटीत पट्ट्यात खोचली होती.
तिने ती उपसून घेतली.
"कमरेला नाही. अडकते, आणि आपल्याला घेऊन पडते."
परत दिली नाही.

मग मला चालवत लॉकपर्यंत नेलं.
वरच्या दाराजवळ, दगडावर, एक पांढरी रेघ.
रंग अजून चिकट.
"इथे पाण्याखाली उंबरठा आहे.
लॉक भरलेलं असताना दिसत नाही.
उतरताना शेपूट या रेघेच्या पुढे ठेव.
मागे राहिली तर पाणी निघून जातं,
ती उंबरठ्यावर टांगून राहते
आणि नाक बुडतं."

बराच वेळ बदकं बघत राहिली.

"लॅम्बर्ट टिलरवर होता. किल्ली माझ्या हातात.
मी बगळा बघत होते.
चार मिनिटं लागली.
बरण्या, शिवणयंत्र, त्याच्या आईचं घड्याळ.
तो वर आला, गवतावर बसला,
बूट काढले, पाणी ओतलं, बूट घातले,
आणि चालायला लागला मार्केट ड्रेटनच्या दिशेने.
आहे की जिवंत. बंगल्यात राहतो.
नाताळला कार्ड येतं,
त्यावर दर वेळी कुठला तरी डोंगर."

रेघ रंगवायला तिला कुणी सांगितलेलं नाही.
डबा आणि ब्रश विकायच्या यादीत नव्हते,
मीही विचारलं नाही.

परत येऊन मी दोर सोडला.
वेग चालत्या माणसाइतका,
त्याहून जास्त इथे चालत नाही.
त्यामुळे निरोप काही जमेना.
मी हात हलवला, ती बाजूलाच.
पुन्हा हलवला, ती दोन पावलं पुढे,
काखेत मांजर.
शेवटी वैतागून ओरडली,
"माझ्याकडे काय बघतोस मेल्या, पुढे बघ!"

लॉकपाशी माझ्या आधी पोचली.
दाराच्या तुळईला पाठ लावून ते उघडलं,
मी आत आल्यावर लावलं,
आणि खालच्या झडपेला किल्ली घालून थांबली.

एक दात वर. थांबली.
दुसरा दात.
पलीकडच्या काठावर, गुडघाभर पाण्यात
बगळा उभा होता. मला दिसला.
तिची नजर माझ्या शेपटीवरून हलली नाही.